रुसुला

रुसुला : कवकांच्या (बुरशीवर्गीय सजीवांच्या) रुसुलेसी कुलातील एक मोठी प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातील अनेक जातींचा गट. हिची भूछत्रे जंगलात ठरावीक वृक्षांच्या मुळांलगत जमिनीतून उगवतात. छत्रीखालचे पातळ पडदे, म्हणजे कल्ले, बोट लागताच मोडतात. ‘तांबूस’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले हे नाव क्रिस्तियान हेंड्रिक पर्सून यांनी १७९६ मध्ये प्रजातीला दिले. मात्र जाती जांभळ्या, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या व काळपटही असतात. वर्णन झालेल्या जाती साडेसातशेच्या आसपास किंवा अधिक असाव्यात. जनुकीय अभ्यासावर विसंबणारे अंदाज त्याच्या बरेच पुढे जातात. अळंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री ही मराठी नावे सर्वच छत्रीधारी कवकांना सरसकट लावली जातात.

वर्गीकरण : कल्ले असल्यामुळे पूर्वी रुसुलाला इतर कल्लेधारी भूछत्रांच्याच गटात घालीत. गराची सूक्ष्म रचना आणि पुढे जनुकीय पुरावा पाहता तिचा गण (कुलांहून मोठा गट) वेगळा ठरला. या गणात झाडाच्या सालीवर पापुद्र्यासारखी पसरणारी कवकेही मोडतात. म्हणजे कल्ल्यांची रचना कवकांत एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. सख्ख्या नात्यातील लॅक्टेरियस प्रजातीशी असलेली सीमा मात्र बराच काळ वादात होती. कापल्यावर दुधासारखा चीक आला तर लॅक्टेरियस, न आला तर रुसुला, हा निकष रानात पुरेसा पडतो. पण काही जाती दोहोंच्या मध्ये बसत असल्याने २००८ मध्ये मल्टिफर्का ही तिसरी प्रजाती वेगळी काढण्यात आली.

ठिसूळपणा : बहुतेक भूछत्रांचा गर लांब, एकमेकांत गुंतलेल्या कवकतंतूंचा असतो, त्यामुळे दांडा मोडताना उभे धागे निघतात. रुसुलाच्या गरात तंतूंच्या जोडीला फुगीर गोल पेशींचे पुंजके असतात आणि ताण पडताच भेग त्या पुंजक्यांतून सरळ जाते. म्हणून दांडा खडूच्या कांडीसारखा कट्‌दिशी आडवा तुटतो आणि तुटलेली कड दाणेदार दिसते. रुसुला सायनोझँथा या जातीचे कल्ले मात्र स्निग्ध व लवचीक असून बोट फिरवल्यास न मोडता वाकतात. हा अपवाद ध्यानात नसल्यास ओळख हमखास चुकते.

निरीक्षण : दांड्यावर कडे नसते व बुडाशी पिशवीसारखे आवरण नसते, हे आधी पाहावे, त्यासाठी भूछत्र बुडापासून उकरून काढावे लागते. छत्रीच्या रंगावर विसंबू नये, कारण काही रंगद्रव्ये पाण्यात विरघळतात आणि दोन दिवसांच्या पावसात लालभडक छत्री फिकट गुलाबी होते. बीजुकांचा (कवकाच्या बीजासारख्या सूक्ष्म कणांचा) रंग त्याहून भरवशाचा असतो. दांडा काढून छत्री काचेवर पालथी ठेवून रात्रभर वाटीखाली झाकल्यास काचेवर बीजुकांची भुकटी साचते. ती पात्याने एकत्र ओढून दिवसाच्या उजेडात पाहिली म्हणजे पांढरी, मलईसारखी की गडद पिवळी, ते कळते. आयोडीनयुक्त द्रावणात बीजुकांवरील काटे व जाळी निळी-काळी होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली जातिनिश्चितीस त्याचाच मोठा आधार असतो. फेरस सल्फेटचा स्फटिक दांड्यावर घासल्यास बहुतेक जातींत फिकट गुलाबी, तर रुसुला झेरॅम्पेलिना हिच्या गटात हिरवा रंग येतो.

विषारीपणा : तिखट लागेल ती वाईट आणि सौम्य ती खाण्याजोगी, हा यूरोपीय संकेत इतरत्र वापरू नये. त्सुगुओ होंगो यांनी १९५५ मध्ये जपानातून वर्णिलेली रुसुला सबनायग्रिकान्स स्नायूंच्या पेशी नष्ट करते आणि तिने पूर्व आशियात मृत्यू ओढवले आहेत. तिच्यातील विषद्रव्य २००९ मध्ये ओळखले गेले.

अधिवास व सोलापूर : रुसुला कुजणाऱ्या पाल्यावर जगत नाही. तिचे तंतू वृक्षाच्या बारीक मुळांवर आवरण करून पाणी व क्षार पुरवतात आणि बदल्यात शर्करा घेतात. त्यामुळे रुसुला शोधणाऱ्याने आधी झाडे पाहावीत. भारतात मध्य भारतातील सालवने, हिमालयातील ओक व पाइनची जंगले आणि पश्चिम घाटातील सालाच्याच कुलातील वृक्षांची वने तिला मानवतात. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत असून नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखी गवताळ माळराने व काटेरी झुडपे हे त्याचे मूळ रूप आहे. येथील बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब या झाडांच्या मुळांतील कवकांचे सहजीवन निराळ्या प्रकारचे असून ती कवके भूछत्रे धरीत नाहीत. लावलेल्या निलगिरीच्या मुळांवर रुसुलासारखे आवरण होऊ शकते, पण तेथे सहसा पिसोलिथस व स्क्लेरोडर्मा ही चेंडूसारखी कवके आढळतात. म्हणून पावसाळ्यात सोलापूरच्या बांधावर दिसणारी पांढरी छत्री रुसुला असण्याचा संभव फार थोडा. वारुळाजवळची अळंबीही रुसुला नव्हे : तिचा दांडा मातीत खोल, मुळासारखा निमुळता होत वाळवीच्या घरापर्यंत जातो आणि मोडल्यास त्याचे धागे निघतात.