प्रोग्रेसिव्ह मेटल : व्याप्ती आणि महत्त्वाचे अल्बम

हेवी मेटलचा जड गिटारनाद आणि प्रोग्रेसिव्ह रॉकची लांब पल्ल्याची, वळणे घेत जाणारी रचना यांच्या मिलाफातून १९८०च्या दशकात आकाराला आलेला संगीतप्रकार. बोलताना ‘प्रॉग मेटल’ असेच म्हणतात. कॅनडाच्या रश या त्रिकुटाच्या ‘२११२’ (१९७६) या अल्बमची एक अख्खी बाजू एकाच रचनेने व्यापली आहे. इंग्लंडच्या किंग क्रिम्सनने ‘रेड’ (१९७४) मध्ये गिटारला जो कठोरपणा दिला, तो पुढच्या पिढीने उचलला. ही पूर्वपीठिका, प्रत्यक्ष प्रकार अमेरिकेत घडला.

कोणते संगीत यात मोडते, यावर श्रोत्यांत जुना वाद आहे. केवळ लांबी हा निकष होऊ शकत नाही. आयर्न मेडनने १९८४ साली तेरा मिनिटांहून मोठे गाणे केले, तरी तो बँड पारंपरिक हेवी मेटलचाच. वेग आणि वादनातली सफाईही पुरेशी नाही. मेटॅलिकाचा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ (१९८८) रचनेने गुंतागुंतीचा असूनही थ्रॅश या वेगवान मेटलप्रकारातच गणला जातो आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत नोंदीत दोन कसोट्या धरल्या आहेत. रचनेचा पाया जड रिफचा, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या स्वरचालीचा, असावा. आणि कडवे–धृपद ही चौकट मोडून मात्रा, स्वराधार व पोत बदलत रचना पुढे सरकावी, पण त्या बदलांना आशयाची गरज असावी. दुसरी कसोटी अधिक कडक आहे. नुसती अवघड वाजवणूक तिच्यावर टिकत नाही.

नागपूरच्या श्रोत्याला या प्रकारात शिरण्याची वाट तालातून आहे. सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात रूपक किंवा झपतालातली बंदिश ऐकलेल्या कानाला सात आणि दहा मात्रांची गणती परकी नसते. ज्यांच्या नावाचे हे सभागृह, ते वसंतराव नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. त्यांच्या गायकीतला लयीचा बेधडकपणा आवडणाऱ्याला हे संगीतही धरून ठेवू शकते. फरक मोठा आहे, तोही लक्षात घ्यावा. आपल्याकडे बंदिशीचा ताल ठरला की आवर्तन कायम राहते आणि गायक-वादक त्याच्या आत खेळतात. येथे पुष्कळदा मात्रासंख्याच बदलते. ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडच्या ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ या सुमारे सहा मिनिटांच्या वाद्यरचनेत ती शंभराहून अधिक वेळा बदलते.

आपल्या लयकारीच्या सर्वांत जवळ जातो तो स्वीडनमधल्या उमेओ शहरातला मेशुगा हा बँड. ड्रमर एका हाताने झांजेवर साधी चार मात्रांची चाल चालू ठेवतो. पाय आणि गिटारी मात्र विषम लांबीचा रिफ वाजवतात. बत्तीसच्या आवर्तनात सातच्या गटाचा रिफ चार वेळा आला की अठ्ठावीस होतात, उरलेले चार तुकडा जोडून भरले की बत्तीस पूर्ण होतात आणि सारे एकत्र समेवर येतात. ‘डिस्ट्रॉय इरेज इम्प्रूव्ह’ (१९९५) हा त्यांचा पाया. पुढे ‘जेंट’ म्हणून ओळखली गेलेली शैली याच बँडच्या रिफांतून निघाली.

तरी सुरुवात कालक्रमानेच करावी. क्वीन्सराइकच्या ‘ऑपरेशन : माइंडक्राइम’ने (१९८८) अख्ख्या अल्बमभर एक राजकीय कट आणि त्यात अडकलेला निकी यांची कथा सांगितली. फेट्स वॉर्निंगने ‘अ प्लेझंट शेड ऑफ ग्रे’ (१९९७) ही बारा भागांची एकच रचना केली. ती आजही पुरेशी ऐकली जात नाही, ही खंत वाटते. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात १९८५ साली जमलेल्या तीन विद्यार्थ्यांपासून ड्रीम थिएटर उभा राहिला. त्यांच्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ने (१९९२) या प्रकाराला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. त्यातल्याच एका गाण्याची कथा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’मध्ये (१९९९) पुढे नेली आहे: संमोहनाखाली पूर्वजन्म आठवणारा निकोलस आणि १९२८ साली मारली गेलेली व्हिक्टोरिया. एकच अल्बम निवडायचा झाल्यास हा निवडावा.

दुसरा प्रवाह डेथ मेटल या घोगऱ्या गर्जनेच्या मेटलप्रकारातून आला. फ्लॉरिडाच्या सिनिकने ‘फोकस’मध्ये (१९९३) जॅझ मिसळला. स्टॉकहोमच्या ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१) या प्रवाहाचे शिखर होय. घोगरी गर्जना आणि मोकळा गाता आवाज एकाच गाण्यात शेजारी येतात, मध्येच अकूस्टिक गिटार उरते, आणि दहा-बारा मिनिटांत कुठेही सांधा दिसत नाही. पॉर्क्युपाइन ट्री या इंग्लिश बँडचे स्टीव्हन विल्सन या अल्बमच्या निर्मितीत होते. ‘हेरिटेज’पासून (२०११) ओपेथने गर्जना सोडली, तेथून पुढचे काही अल्बम प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये धरणेच रास्त.

टूलचा ‘लॅटरॅलस’ (२००१) दोन्ही प्रवाहांबाहेरचा. शीर्षकगीतात शब्दांची अक्षरे फिबोनाची क्रमाने (प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज) वाढतात–घटतात, तर ‘स्किझम’ची चाल पाच आणि सातच्या जोडीवर उभी आहे. त्यांचे ड्रमर डॅनी केरी आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकले. काही जण या बँडला प्रॉग मेटल मानत नाहीत. वरच्या दोन्ही कसोट्यांवर तो उतरतो, म्हणून येथे समाविष्ट केला आहे. याउलट पॉर्क्युपाइन ट्रीचा ‘इन ॲब्सेन्शिया’ (२००२) अप्रतिम असला तरी सीमेवरच राहतो, कारण जड रिफ हा त्याचा पाया नाही.

महाराष्ट्रात हे संगीत प्रत्यक्ष ऐकायचे तर बहुधा पुणे-मुंबई गाठावी लागते. पुण्याच्या एनएच७ वीकेंडर महोत्सवात मेशुगा (२०१३) आणि स्टीव्हन विल्सन (२०१६) वाजवून गेले. नागपूरहून त्यासाठी रात्रभराचा रेल्वेप्रवास. भारतीय बँडांत कोचीच्या मदरजेनचा ‘मक्तूब’ (२००८) कर्नाटक संगीताच्या गमकांमुळे वेगळा ठरतो. दिल्लीच्या केशव धर यांनी घरातल्या खोलीत सुरू केलेल्या स्कायहार्बरचा पहिला अल्बम २०१२ साली आला. त्यातले बरेचसे गायन इंग्लंडमधल्या डॅनियल टॉम्पकिन्स यांचे आहे. संगणक आणि ध्वनिमुद्रणाची साधी जोडणी असली की या पद्धतीने काम करता येते. मोठे स्टुडिओ आणि महोत्सव यांपासून दूर, नागपुरात बसून गिटार वाजवणाऱ्यासाठी हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे.