लेकराला दूध पुरतं का?

बाळंतिणीला बघायला आलेली बाई लेकराच्या हातावर पैसे ठेवते आणि लगेच विचारते, "दूध पुरतं का गं लेकराला?" बीड-परभणीपासून लातूर-नांदेडपर्यंत कुठल्याही घरात हा प्रश्न चुकत नाही. त्यात लेकरू दिवेलागणीला किरकिर करू लागलं की घर ठरवूनच टाकतं, हिला दूध कमी आहे. मग बाटली येते. खरं सांगायचं तर दूध कमी व्हायला पुष्कळदा तिथूनच सुरुवात होते.

बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरकं रक्तात उतरतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होतं. ऑक्सिटोसिनमुळे दुधाच्या पेशींभोवतीचे बारीक स्नायू आवळले जातात आणि पान्हा फुटतो. दूध आत साचून राहिलं की पेशींचं काम मंदावतं, बाळानं पिऊन घेतलं की पुन्हा वेग येतो. विहिरीचा उपसा चालू राहिला की झरे मोकळे राहतात, तसंच हे. बाटली पिऊन बाळ तीन-चार तास झोपलं की तेवढा वेळ उपसा थांबतो, दूध खरोखरच घटतं, आणि सगळ्यांना वाटतं आपला अंदाज बरोबर होता.

पहिले दोन-तीन दिवस थोडाच चीक येतो आणि नवजात बाळाला तेवढाच लागतो. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरतं, सिझेरियन झालं असेल तर थोडं उशिरा. या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. छाती मऊ लागणं, पंपानं पिळल्यावर जेमतेम निघणं, संध्याकाळी सारखं प्यायला मागणं, यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. लघवी मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा होत असेल आणि पुढे वजन रोज २०-३० ग्रॅमनं वाढत असेल, तर दूध पुरतंय. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना काट्यावर वजन करायला सांगा आणि आकडा लिहून ठेवा. सासूबाईंची काळजी समजुतीनं मिटत नाही, आकड्यानं मिटते.

आता खाण्याचं. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. म्हणजे नेहमीच्या जेवणावर साधारण दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर वरण आणि मूठभर शेंगदाणे. मात्र जास्त खाल्लं म्हणून दूध वाढतं, असं नाही. आफ्रिकेतल्या गांबियात, केनेबा गावी, अर्धपोटी राहणाऱ्या आयांना जास्तीचा आहार देऊन पाहिला, पण दुधाचं प्रमाण वाढलं नाही. आई उपाशी असली तरी शरीर बहुतेक वेळा बाळाचा वाटा काढतंच, तो आईच्या अंगातून. दुधातलं कॅल्शियम गरज पडली तर तिच्या हाडांतून येतं. म्हणून तिनं पोटभर जेवायचं ते आधी स्वतःसाठी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, सव्वा महिना झाला की सोडायच्या नाहीत. बहुतेक ब जीवनसत्त्वं आणि आयोडीन मात्र आईच्या ताटातूनच दुधात उतरतात. शाकाहारी आईला ब-१२ कमी पडत असेल तर बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका असतो, त्यामुळे दूध-दही रोज हवं आणि डॉक्टरांना विचारून गोळी.

अळिवाचे, डिंकाचे, मेथीचे लाडू आवडीनं खा. त्यांत तूप-गूळ आहे, अळिवात लोह आहे. पण मेथीनं किंवा शतावरीनं दूध वाढतं याचे पुरावे कच्चे आहेत. मला खरा राग येतो तो पथ्याचा. डाळ बंद, पालेभाजी बंद, फळ बंद, पाणी मोजून. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना ओल्या बाळंतिणीला पाणी तोडणं हा छळ आहे. ढीगभर पाणी पिऊन दूध वाढत नाही हे खरं, पण तहान लागेल तेव्हा तिला प्यायला मिळालंच पाहिजे. बाळाला मात्र सहा महिने पाण्याचा थेंबही नको, उन्हाळ्यातही नको, कारण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. मधही चाटवू नका, वर्षाच्या आत तो धोक्याचा.

बीडच्या ऊसतोड करणाऱ्या आईची गोष्ट वेगळी आहे. पहाटेच फडात गेलेली ती, लेकरू कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, थोरल्या बहिणीच्या मांडीवर. मध्ये कित्येक तास पाजणं होत नाही, छाती दाटते, हळूहळू दूध आटतं. निघण्यापूर्वी आणि आल्याबरोबर पाजणं, रात्री बाळाला कुशीत घेऊन मागेल तेव्हा देणं, हात धुवून स्वच्छ भांड्यात दूध काढून, झाकून सावलीत ठेवणं, एवढं तिच्या हातात आहे. उन्हाच्या दिवसांत असं काढलेलं दूध चार तासांच्या आतच वाटी-चमच्यानं पाजावं, शक्यतो त्याहून लवकर. बाकीचं मुकादमाच्या आणि नवऱ्याच्या हातात आहे: दिवसातून दोनदा तरी तिला लेकरापाशी जाऊ देणं.

काहींना खरोखरच दूध कमी येतं. थायरॉइडचा आजार, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, आत राहिलेला वारेचा तुकडा, अशी कारणं डॉक्टर तपासून शोधू शकतात. अशा वेळी वरचं दूध देण्यात लाज नाही, पाजणं चालू ठेवून डॉक्टर सांगतील तेवढं वाटी-चमच्यानं द्यावं. बाळ सुस्त पडलं, प्यायला उठेना, लघवी कमी झाली किंवा दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.