पाणी, तुळया आणि पार्के

जुन्या पुण्यात वाढलेल्या माणसाला घरातलं लाकूड दाखव म्हटलं तर तो वर बोट दाखवेल. वाड्याचा कडीपाट डोक्यावर असायचा: तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या. फळ्यांवर मातीचा थर, त्यावर शेणाचं सारवण. माडीवर पाय पडायचे ते मातीवर. शनिवारवाड्यासाठी (1730-32) जुन्नरच्या जंगलातून सागवान आलं होतं. 1828 च्या आगीत त्यातलं बहुतेक जळालं.

पायाखालचं पार्के, म्हणजे लाकडाचे तुकडे नक्षीत जोडून केलेली जमीन, मूळचं फ्रान्सचं. व्हर्सायच्या राजवाड्यात संगमरवरी फरशी सतत धुवावी लागे, पाणी सांध्यांतून झिरपे आणि खालच्या तुळया कुजत. म्हणून 1684 च्या सुमारास संगमरवर काढून लाकडी तुकडे तिरपे गुंफलेल्या चौकटी बसवल्या गेल्या. थोडक्यात, या राजेशाही थाटाच्या मुळाशी गळती होती!

तुकडे लहान ठेवण्यामागे हिशेब होता. ओल लागली की लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. रुंद फळी फुगली की बाक धरते. निरनिराळ्या दिशांनी लावलेल्या लहान तुकड्यांत ते फुगणं वाटलं जातं. स्वीडनच्या केर्स कंपनीने 1941 मध्ये पेटंट घेतलेल्या थरांच्या फळीतही हीच युक्ती आहे, फक्त उभी: एका थराच्या रेषा दुसऱ्याला आडव्या.

पुण्यातल्या कितीतरी वाड्यांचाही घात पाण्यानेच केला. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे बसले. पुढे स्लॅबची घरं आली. कडीपाट गेला, शहाबादी, मोझॅक, मग व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. आता फ्लॅटच्या बेडरूममध्ये लाकूड परतलंय, पण स्लॅबच्या वर. तेही बरेचदा नावापुरतंच. ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून विकलं जातं त्यात लॅमिनेट भरपूर, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटावर लाकडाचा छापील फोटो. हेही स्वीडनचंच, सत्तरच्या दशकाच्या अखेरचं.

वैशाखात इथली हवा कोरडी ठणठणीत, आषाढात दमट. म्हणून जाणते कारागीर भिंतीलगत 8-10 मिलिमीटर फट सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकतात. फट न सोडणारे कारागीरही आहेत. आणि रोज बादली घेऊन फरशी पुसायची सवय तर घराघरात आहे. तिच्यामुळे बाल्कनीच्या दारापाशी फळ्यांच्या कडा आधी उचलतात.