जांभ्यावर अणुभट्टी? थोडा खुलासा

कोकणातल्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'प्रकल्पाची जागा असलेला माडबनचा सडा, म्हणजे उघडं पठार, जांभ्याचा; त्या भुसभुशीत दगडावर अणुभट्टी कशी तग धरणार?' वाक्य बिनतोड वाटतं खरं, पण पाया जांभ्यावर घालायचाच नसतो.

जांभा म्हणजे मूळच्या काळ्या बेसाल्टचंच रूप. लाखो पावसाळ्यांत सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. कोकणात विहीर खणणाऱ्याला हा क्रम पाठ असतो: वर भोकाभोकांचा जांभा, खाली बहुधा मऊ, चिकट मातीची शेडी आणि मग पहार उडवणारा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. अणुभट्टीसारख्या बांधकामाला वरचे थर काढून कातळापर्यंत जावं लागतं. म्हणूनच आधी बोअर मारून खडकाचे गाभे काढतात आणि भेगा, झीज तपासतात. खरी डोकेदुखी जांभा नव्हे, शेडी. पाणी मुरलं की ती घसरते.

उलट बाजूची समजूतही तितकीच पोकळ: 'दख्खनचा कातळ आहे, भूकंपाची चिंता नको.' १९६७ साली कोयनेला याच कातळाच्या प्रदेशात भूकंप झाला. खडक टणक असणं आणि खाली प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकतात ती भेग, नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी. प्रकल्पाला विरोध करायचा तर प्रश्न प्रस्तरभंगाचा विचारा.