मिठागरातील स्फटिकीभवन

खारे पाणी उन्हावाऱ्याने आटत गेले म्हणजे त्यातील लवणे एकामागून एक, ठरावीक क्रमाने घनरूपात बाहेर पडतात. या क्रियेवर मिठागराची सारी रचना आधारलेली आहे. कोकणात ‘मीठ पिकते’ असे म्हणतात आणि शेतीची ही भाषा येथे चपखल बसते : बांध, कप्पे, पाणी फिरवणे, चोपून घट्ट केलेली जमीन, हंगाम हे सारे मिठागरात असते, फरक इतकाच की पावसाची वाट येथे कोणी पाहत नाही. रायगड जिल्ह्यातील उरण व पेण, पालघरमधील वसई, मुंबईतील भांडुप व वडाळा, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे प्रसिद्धीस आलेले सिंधुदुर्गातील शिरोडे आणि गोव्यातील खाडीकाठची गावे ही या व्यवसायाची परिचित ठिकाणे होत. आगरी समाजाचे नाव मिठाच्या ‘आगरा’वरून पडले असे मानले जाते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सर्वसाधारणपणे ३५ ग्रॅम लवणे असतात आणि त्यांपैकी सुमारे २७ ग्रॅम सोडियम क्लोराइड, म्हणजे आपले खाण्याचे मीठ असते. उलट २५° से. तापमानाला १०० ग्रॅम शुद्ध पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळून राहू शकते. म्हणजे समुद्राचे पाणी जिभेला कितीही खारट लागले तरी मिठाच्या दृष्टीने ते बरेच पातळ द्रावण आहे, आणि ते संपृक्त होण्यासाठी, म्हणजे त्यात आणखी मीठ विरघळू शकणार नाही अशा स्थितीला येण्यासाठी, त्यातील बहुतेक पाणी उडून जावे लागते. तुरटीचे खडे गरम द्रावण थंड करून मिळवता येतात. मिठाच्या बाबतीत हा मार्ग जवळजवळ बंद आहे, कारण १०० ग्रॅम पाण्यातील त्याची विद्राव्यता ०° से.ला सुमारे ३५.७ ग्रॅम आणि १००° से.ला सुमारे ३९ ग्रॅम, इतकीच बदलते. मीठ हवे असेल तर पाणीच घालवावे लागते.

समुद्राच्या पाण्यात मिठाशिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची लवणेही असतात आणि खरी गुंतागुंत तेथे आहे. उझिल्यो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४९मध्ये भूमध्य समुद्राचे पाणी आटवून लवणे कोणत्या क्रमाने खाली बसतात याची मोजमापे प्रसिद्ध केली. ती आजही उपयोगी पडतात. पाण्याचे आकारमान निम्म्यावर आले की कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होऊ लागते. आकारमान मूळच्या सुमारे एक पंचमांश झाले की जिप्सम (पाणीयुक्त कॅल्शियम सल्फेट) बसू लागते, आणि जेमतेम एक दशांश पाणी उरले असता मिठाचे स्फटिक दिसू लागतात. मॅग्नेशियमची लवणे त्याही पुढे, अगदी शेवटी येतात. जे लवण कमी विरघळते ते आधी बाहेर पडते असा ढोबळ नियम सांगतात. पण प्रत्येकाचे प्रमाण मुळात किती होते हेही त्यात धरावे लागते.

मिठागरातील कप्प्यांची मांडणी म्हणजे हाच क्रम जमिनीवर पसरून मांडलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी प्रथम मोठ्या साठवणीच्या कप्प्यात घेतात, तेथे गाळ खाली बसतो. मग ते उथळ कप्प्यांतून पुढे पुढे सरकवले जाते व प्रत्येक टप्प्यावर अधिक दाट होते. दाटपणा बोमे अंशांत, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या एका मापपट्टीवर, मोजतात. ताजे समुद्रजल सुमारे ३ ते ३.५ अंशांचे असते, तर मीठ साधारण २५ अंशांना धरू लागते. तोपर्यंत बरेचसे जिप्सम आधीच्या कप्प्यांत राहून गेलेले असते. सुमारे २९ अंशांच्या आसपास उरलेले कडवट पाणी काढून टाकावे लागते, नाहीतर मॅग्नेशियमची लवणे मिठात मिसळून त्याला कडसर चव येते. मिठागराचे कसब आहे ते हे चार अंश पकडण्यात. बाकी काम ऊन करते.

स्फटिक धरण्याची क्रिया संपृक्तता ओलांडल्यावर सुरू होते. द्रावणात सोडियमचे व क्लोरीनचे आयन (विद्युतभारित कण) एकत्र येऊन सूक्ष्म केंद्रके तयार होतात. धुळीचा कण, तळाची माती किंवा आधीचा एखादा स्फटिक असल्यास हे काम सोपे होते. पुढे याच केंद्रकांवर थरामागून थर चढतात. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम आयन अशी ही मांडणी असल्यामुळे स्फटिक घनाकृती होतो. विल्यम हेन्री ब्रॅग व विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी १९१३मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली.

दुपारी वारा पडलेला असताना शेवटच्या कप्प्याजवळ बसून पाहिले तर पाण्यावर पांढऱ्या टिकल्या तरंगताना दिसतात. मीठ त्या पाण्यापेक्षा जड असते, तरीही पृष्ठताणामुळे लहान स्फटिक वरच राहतो. वजनाने तो थोडा खाली दबतो आणि पाण्याच्या रेषेवर त्याच्या कडांना नवीन थर धरतो. पुन्हा दबतो, पुन्हा कडा वाढतात. अशा रीतीने पायऱ्यापायऱ्यांचा, आतून पोकळ, उलट्या पिरॅमिडसारखा स्फटिक तयार होतो. बोटाचा नुसता स्पर्श झाला किंवा वाऱ्याची झुळूक आली की तो बुडतो आणि तळाशी वाढू लागतो. वाढ जलद असेल तर स्फटिकाच्या पोटात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकतात. खडेमीठ तापलेल्या तव्यावर टाकले असता तडतडते ते या थेंबांची वाफ होऊन स्फटिक फुटल्यामुळे. सावकाश वाढू दिलेले खडे मोठे होतात. कच्छच्या लहान रणात भूगर्भातील खारे पाणी वापरून पिकवलेले जाड मीठ याचे चांगले उदाहरण आहे.

हवेतील आर्द्रता हा यातील कळीचा घटक आहे. पाणी दाट होत जाते तसे त्याचे बाष्पीभवन मंदावते, आणि संपृक्त मिठाच्या पाण्यावरील हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हवा याहून दमट असेल तर असे पाणी आटत नाही, उलट हवेतील बाष्प शोषून घेते. कोकणातील हंगाम पावसाळा उलटल्यावर बांधबंदिस्तीने सुरू होतो आणि पुढच्या पावसाआधी आटोपावा लागतो, त्यामागे सरींची भीती तर आहेच, पण हा हिशेबही आहे. शुद्ध मिठापेक्षा मॅग्नेशियम क्लोराइड फारच कमी आर्द्रतेला ओलावा ओढते. म्हणून ते पुरेसे निथळले नसेल तर बरणीतल्या मिठाला लवकर पाणी सुटते. बांधावर रचलेल्या मिठाच्या राशी काही काळ तशाच ठेवण्याने हा कडवट अंश ओघळून जातो.

दाट पाण्याच्या कप्प्यांना कधी गुलाबी किंवा लालसर छटा येते. क्षारप्रिय सूक्ष्मजीव व शैवाले यांच्या रंगद्रव्यांमुळे ती येते, आणि रंगीत पाणी ऊन अधिक शोषत असल्याने बाष्पीभवनाला मदतच होते. जून २०२०मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत याच प्रकारचे जीव आढळले. तेथील पाणी मात्र समुद्राच्या पाण्याहून वेगळे आहे : त्यात सोडियम क्लोराइडबरोबर सोडियमची कार्बोनेटे असतात व ते तीव्र अल्कधर्मी असते. लोणारच्या काठावर उन्हाळ्यात दिसणाऱ्या पांढऱ्या पापुद्र्यात त्यामुळे मिठाबरोबर सोडाही असतो, आणि मिठागरातला क्रम तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही.