हजार विड्यांमागचा उपकर आणि हजार रुपयांची पेन्शन

पेन्शनवाढीसाठी सोलापुरात पूनम गेटवर मोर्चा आला की त्यात पूर्व भागातल्या, साठी ओलांडलेल्या विडी कामगार महिला मोठ्या संख्येने असतात. हजार रुपयांत महिना निघत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यावर सरकारी बाजूचं उत्तर ठरलेलं असतं : पैसा आणायचा कुठून? प्रश्न रास्त आहे. पण विडी धंद्यापुरतं त्याचं एक उत्तर, विडीवरचा उपकर, पूर्वी दिलं गेलं होतं आणि ते जवळपास चाळीस वर्षं चाललं, हे आज फारसं कुणी सांगत नाही.

कामगारांच्या आजारपणाची आणि म्हातारपणाची सोय देशात सुरू झाली ती कारखान्यांपासून. प्रा. बी. पी. अदारकरांच्या 1944 च्या अहवालातून 1948 चा राज्य विमा कायदा आला, 1952 मध्ये प्रॉव्हिडंट फंडाचा. थोडं मालकाने द्यायचं, थोडं कामगाराने. हे जमण्यासाठी गेट लागतं, हजेरीपत्रक लागतं, ठरलेला पगार लागतो. सोलापूरच्या कापड गिरण्यांत ते सगळं होतं. पण 1963 मध्ये जुनी मिल बंद पडली आणि पुढे इतर गिरण्यांचेही भोंगे थांबत गेले. उरले छोट्या शेडमधले यंत्रमाग आणि घरोघरच्या विड्या. विडी वळणारी बाई पान-तंबाखू घरी नेते, सुपात घेऊन विड्या वळते आणि कारखान्यात नेऊन देते. छाट काढून जेवढ्या विड्या मंजूर होतील तेवढीच मजुरी. ती कुणाची कामगार, इथूनच वाद होता.

1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानलं. मालक कोर्टात गेले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. 1977 पासून प्रॉव्हिडंट फंड विडी उद्योगाला लागू झाला. त्यालाही आव्हान मिळालं आणि घरखातेदार, म्हणजे घरी विड्या वळणाऱ्या महिलांनाही फंड द्यावाच लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे कागदावरचा हक्क मिळवायलाच दोन दशकं गेली.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 1976 चा विडी कामगार कल्याण उपकर. तयार विडीवर दर हजारी ठरावीक रक्कम सरकार वसूल करायचं. शेवटी हा दर हजार विड्यांमागे 5 रुपये होता. तो पैसा कल्याण निधीत जायचा आणि त्यातून दवाखाने, क्षयरोगावरचे उपचार, चष्मे, बाळंतपणाची मदत, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या. घरांसाठीही याच निधीतून अनुदान मिळे. कामगार बाईच्या मजुरीतून यासाठी एक पैसाही कापला जात नव्हता. विडी ओढणारा तो भार उचलत होता. शिवाय पैसा कशासाठी आहे हे कायद्यातच लिहिलेलं असल्यामुळे हिशेब मागता येत होता.

2017 मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. विडीवर 28 टक्के कर बसला, पण त्यातला किती भाग कामगारांचा, हे कुठेच नोंदलेलं नाही. बहुतेक योजना बंद झाल्या नाहीत. त्यांचा पैसा आता केंद्राच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पातून येतो, म्हणजे दरवर्षी मागावा लागतो. बांधकाम कामगारांचा 1996 च्या कायद्याने आलेला उपकर मात्र जीएसटीनंतरही चालू राहिला. विडी कामगारांची हक्काची तिजोरी अशी सहज काढून घेतली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

उपकराच्या विरोधात एक मुद्दा आहे आणि तो टाळता येणार नाही. विडी ओढणं कमी व्हावं हीच सगळ्यांची इच्छा आहे, आणि विडी कमी खपली की निधीही आटणार. आयुष्यभर तंबाखूच्या भुकटीत बसलेल्या महिला तर तेव्हाही हयात असतील. त्यामुळे एकट्या उपकरावर भिस्त ठेवून चालणार नाही, सरकारचा वाटा लागेलच.

आरोग्याचा मोठा खर्च आता राज्याच्या योजनेवर आहे. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. मोठ्या शस्त्रक्रियेला तिचा खरोखर आधार होतो. पण विडी वळणारीचं दुखणं म्हणजे खोकला, कंबर, डोळे. त्याला अ‍ॅडमिट करत नाहीत, रोजच्या गोळ्या लागतात. म्हणून निधीचे दवाखाने महत्त्वाचे.

पेन्शनचं गणित तर आणखी कडक आहे. प्रॉव्हिडंट फंडाच्या 16 नोव्हेंबर 1995 पासूनच्या पेन्शन योजनेत मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या 8.33 टक्के आणि केंद्राचे 1.16 टक्के जमा होतात. पेन्शन काढताना पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात. समजा मजुरी महिना 3000 रुपये आणि नोकरी 20 वर्षं. नियमाप्रमाणे दोन वर्षं वाढीव धरून पेन्शन येते 943 रुपये. सप्टेंबर 2014 पासून किमान 1000 ची हमी आहे, म्हणून 57 रुपये वर मिळतात.

भगतसिंह कोश्यारींच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने 2013 मध्येच किमान पेन्शन 3000 करा आणि केंद्राचा वाटा 1.16 वरून 8.33 टक्क्यांवर न्या, असं सुचवलं होतं. सध्या चर्चा चालते ती 15,000 ची वेतनमर्यादा, म्हणजे पेन्शनसाठी जास्तीत जास्त जेवढा पगार धरतात ती, वाढवण्याची. त्याने विडी कामगाराला काहीच मिळणार नाही, कारण तिची मजुरी त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. 3000 च्या मजुरीवर केंद्राचा आजचा वाटा होतो महिन्याला जेमतेम 35 रुपये. पूनम गेटवरच्या मागणीत वेतनमर्यादेऐवजी केंद्राचा हा वाटा आणि किमान पेन्शन पुढे यायला हवी.