एएडी : पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र आलं कुठून

स्कायडायव्हरच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात, मेन आणि रिझर्व्ह, आणि माणूस बेशुद्ध पडला किंवा उंचीचं भानच राहिलं नाही तर रिझर्व्ह उघडायला एक छोटं यंत्र असतं, त्याला सगळे एएडी (ऑटोमॅटिक ॲक्टिव्हेशन डिव्हाइस) म्हणतात. हे काही आजकालचं नाही हं. सोव्हिएत युनियनमध्ये डोरोनिन बंधूंनी १९३० च्या दशकातच असं यंत्र केलं होतं, आणि पुढे आलेलं कॅप-३ तर कित्येक वर्षं चाललं. बॅटरी वगैरे काही नाही, आत घड्याळ, हवेच्या दाबाने फुगणारी-आकसणारी धातूची डबी आणि जबरदस्त स्प्रिंग, ठरलेली वेळ किंवा उंची आली की स्प्रिंग केबल ओढणार आणि रिझर्व्ह बंद ठेवणारी पिन निघणार.

मग मुरलेले जंपर ते का वापरत नव्हते? तर भीती. मेन नुकतंच उघडलंय आणि यंत्राने रिझर्व्हही सोडलं तर दोन्ही एकमेकांत अडकणार, म्हणजे वाचवायला लावलेली वस्तूच जिवावर उठणार. अमेरिकेत सेंटिनेल, एफएक्ससी १२००० अशी यंत्रं आली तीही जास्त करून शिकाऊ लोकांच्याच पाठीवर दिसायची, बाकीच्यांना ते कमीपणाचं वाटायचं हेही खरंच.

चित्र पालटलं ते १९९१ मध्ये. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथने, मित्राचा जंपमध्ये जीव गेल्यानंतर, सायप्रेस बनवलं. यात प्रोसेसर दाबावरून उंची आणि पडण्याचा वेग सतत मोजत राहतो, आणि एक्स्पर्ट मॉडेल साधारण २२५ मीटरखाली येऊनही वेग सेकंदाला ३५ मीटरच्या वर असेल तरच चालतं, पॅराशूट नीट उघडलेलं असेल तर गप्प. शिवाय पिन ओढायची भानगडच नाही, इवल्याशा स्फोटाने आतलं पातं रिझर्व्ह बंद ठेवणारी दोरी कापतं. माझ्या मते खरी अक्कल इथेच आहे, कारण हँडल, पिन, केबल सगळं आधीसारखंच राहिलं आणि यंत्र त्यांच्या आड येईना.

पुढे बेल्जियमचं व्हिजिल, चेक लोकांचं मार्स अशी इतरही आली. पण २२५ मीटर म्हणजे फुल स्पीडला जमिनीपर्यंत जेमतेम चार सेकंद, तेवढ्यात रिझर्व्ह पूर्ण उघडायला हवं. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्कायडायव्हरांच्या संघटनेने, यूएसपीएने, अनुभवी जंपरसाठी मेन उघडायची किमान उंची २००० वरून २५०० फुटांवर नेली, म्हणजे एएडी आणखी जास्त उंचीवर चालेल असं सेट केलं तरी मेनच्या मधे कडमडणार नाही.